माझी गाणी सुवर्णाकडे जाऊ नयेत म्हणून

मी, नीला रवींद्र दंडिगे, वय बासष्ट, अविवाहित, मूळची नागपूरची, हल्ली राहणार फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, आणि पोस्टरांवर गेली चौतीस वर्षं ‘नीला डँडी’, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि पुरेशा रागात लिहून ठेवत आहे. रागाचा माझ्या बुद्धीवर परिणाम झालेला नाही. राग अकरा वर्षांचा आहे आणि आता घरातलाच झाला आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, रोजचंच ऑपरेशन आहे. त्यांचं रोजचं, माझं पहिलंच. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील राहिले नाहीत. अशी बाई मृत्युपत्र न करता मेली तर इथल्या कायद्यानं तिचं सगळं सख्ख्या बहिणीला जातं. ती बहीण म्हणजे सौ. सुवर्णा प्रल्हाद उमाळकर, राहणार रेडमंड, वॉशिंग्टन. तिच्याकडे काहीही जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. इंग्रजी मसुदा वकिलांनी केला आहे. हा मराठी मी स्वतःच्या हातानं लिहिते आहे, कारण सुवर्णानं तो दुसऱ्या कुणाकडून समजून न घेता स्वतः वाचावा अशी माझी इच्छा आहे.

कलम १. फ्रीमाँटचं टाउनहाउस आणि बँकेत जे असेल ते माझी भाची, सुवर्णाचीच मुलगी, चैत्राली हिला द्यावं. ती जर्सी सिटीत राहते, मॅनहॅटनला नोकरीला जाते, इकडे राहायला येणार नाही. तिनं घर खुशाल विकावं. न्हाणीघराचा नळ गळतो हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

कलम २. माझी गिटार आणि गाडी लॉयड प्रुइट याला द्यावी. लॉयड आमच्या बँडमध्ये मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार वाजवतो, पहिल्या दिवसापासून. गाडी थंडीत शिव्या दिल्याशिवाय सुरू होत नाही. त्या शिव्या त्याला मराठीतून पाठ आहेत.

बँडचं नाव ‘ब्लॅक सॉइल’ का, हे पुष्कळांनी विचारलं, म्हणून एकदाच सांगते. मी शहाऐंशी साली टेक्ससला मृदाशास्त्र शिकायला आले. प्रयोगशाळेत तिथली काळी, कापसाची माती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती आमच्या वऱ्हाडातल्या मातीसारखीच बोटांना चिकटली. त्याच आठवड्यात गावच्या जत्रेत कंट्री रॉक ऐकलं. शेतं, गाड्या, सोडून गेलेली माणसं, आणि त्याखाली दणदणीत ड्रम. मला वाटलं, हे तर मला येतं. डिग्री पुरी केली, मातीची नोकरी धरली, आणि शुक्रवार ते रविवार बारमध्ये गायला लागले. नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री गाण्यांच्या राजधानीतल्या, एका निर्मात्यानं सांगितलं, “आवाज अस्सल आहे, चेहरा नाही.” त्याला मी मृत्युपत्रात एवढीच जागा देते.

इथल्या एका मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या गाण्यानंतर माझा माइक बंद केला आणि म्हणाले, “ताई, आता आपलं काहीतरी म्हणा.” मी म्हटलं, “हे माझंच होतं.” तरी त्यांनी माइक चालू केला नाही. त्या मंडळानं माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये.

कलम ३. सुवर्णाला काहीही देऊ नये. तिचं नाव विसरून राहिलेलं नाही. कारण पुढे देत आहे.

माझी पहिली कॅसेट एक्क्याण्णव साली निघाली. सुवर्णा एक वर्षाआड डिसेंबरात नागपूरला जायची. मला नोकरी आणि दौरे यांतून निघणं जमत नसे, म्हणून कॅसेट मी तिच्याकडे दिली, आईसाठी. आई शाळेत हिंदी शिकवायची आणि घरी रेडिओबरोबर मोठ्यानं गायची, चुकीच्या पट्टीत, बेधडक. माझं गाणं तिच्याकडूनच आलं. सुवर्णा परत आली तेव्हा मी विचारलं, “आईनं ऐकलं?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “तिला नाही आवडलं गं. तू विषय काढू नकोस, तिला त्रास होतो.”

मी विषय काढला नाही. तरी पुढची प्रत्येक कॅसेट, नंतर सीडी, सुवर्णाकडे देत राहिले. वाटायचं, एखादं तरी आवडेल. अठरा वर्षांत मी स्वतः दोनदा नागपूरला गेले. दोन्ही वेळा आई स्वयंपाकघरात माझ्याकडे बघत राहायची, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. मग भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारायची. दोन हजार नऊ साली ती गेली.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात नागपूरला धरमपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या लताकाकू मुलाकडे, अनिशकडे, फ्रीमाँटला आल्या. भर दुपारी इथल्या बागेत आमचा कार्यक्रम होता. संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा हात सोडेनात.

“अगं, तू गातेस अजून?” त्या म्हणाल्या. “तुझी आई म्हणायची, नीलानं गाणं सोडलं. सुवर्णानं बजावलं होतं तिला, विषय काढू नकोस, नीलाला लागतं म्हणून. फार हळहळायची गं. एकदा तरी ऐकायला हवं होतं म्हणायची.”

मी दुसऱ्याच दिवशी रेडमंडला निघाले. गाडी लॉयडनं चालवली. सुवर्णा घरी नव्हती. चैत्राली कॉलेजच्या सुट्टीत आलेली होती. मी तिला विचारलं, माझ्या कॅसेट कुठे आहेत. तिनं गॅरेजचं दार उघडलं आणि ख्रिसमसच्या माळांमागचं एक खोकं ओढलं. सगळ्या होत्या. एकीचंही प्लास्टिक फाडलेलं नव्हतं.

“मावशी, आय थॉट यू न्यू,” ती म्हणाली.

सुवर्णा सामान घेऊन आली, तिनं खोकं पाहिलं आणि आधी दुधाच्या बाटल्या खाली ठेवल्या.

“मग काय सांगणार होते मी आईला?” ती म्हणाली. “की तुझी पोरगी दारूच्या गुत्त्यात गाते? प्रल्हादच्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा. नागपुरात बोभाटा झाला असता.”

“अठरा वर्षं ठरत होतं लग्न?”

“एकदा सांगितलं की तेच पुढे चालवावं लागतं, नीला. तुलाही सांगितलं होतं, तिलाही. मागे कशी घेणार?”

“आई आजारी होती तेव्हा?”

“तेव्हा तर अजिबातच नाही,” ती म्हणाली.

ती रडली नाही. मीही नाही. खोकं गाडीत घालून आम्ही परत निघालो. वाटेत एका पेट्रोल पंपावर मी पहिली कॅसेट फोडली आणि गाडीच्या जुन्या टेपमध्ये लावली. आईला कुठल्या ओळीवर काय वाटलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. सुवर्णानं माझ्याकडून काय घेतलं, असं कुणी विचारलं तर त्याला हे सांगावं.

पुढल्या वर्षी मी त्यावर जी गाणी केली ती सगळ्यांत जास्त चालली. ती चालली तशी सुवर्णा रेडमंडमध्ये ‘माझी धाकटी बहीण’ म्हणून सांगायला लागली. गेल्या वर्षी रेडमंडशेजारच्या सिएटलच्या कार्यक्रमात ती पहिल्या रांगेत मैत्रिणी घेऊन बसली होती. मी पहिलंच गाणं अर्ध्यावर तोडून बँड थांबवला आणि मराठीत म्हणाले, “पहिल्या रांगेतल्या बाई माझ्या कुणी नाहीत.” मराठी न कळणाऱ्या बाकीच्या प्रेक्षकांना वाटलं, पुढच्या गाण्याची प्रस्तावना आहे. ते टाळ्या वाजवत होते. सुवर्णाला तेवढं पुरेसं मराठी येतं.

कलम ४. माझ्या सगळ्या गाण्यांचे हक्क चैत्रालीला द्यावेत. कोणी गायचं, कुठे वाजवायचं, ते तिनं ठरवावं. अट एकच. सुवर्णानं घेतलेल्या, बोलावलेल्या किंवा जिथे ती दिवा लावणार आहे अशा कुठल्याही कार्यक्रमात एकही गाणं वाजता कामा नये.

ही अट फोनवर वाचून दाखवली तेव्हा चैत्राली म्हणाली, “मावशी, यू कान्ट पुट दॅट इन. शी इज माय मॉम.” मी म्हटलं, घालते आहे. तिनं “ओके” म्हटलं. ती पोर दोघींच्या मध्ये सापडली आहे, ते मला दिसतं. तरीही अट राहील.

कलम ५. सुवर्णानं या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिलं, तर चैत्रालीला दिलेलं सर्व रद्द होऊन लॉयडकडे जाईल. म्हणजे सुवर्णाला माझ्याशी भांडायचं असेल तर स्वतःच्या मुलीच्या तोंडचं काढून भांडावं लागेल.

कलम ६. मला इथेच विजेच्या दाहिनीत द्यावं. तेरावं, चौदावं काही करू नये. अस्थी नागपूरला पाठवाव्या असं कुणाला वाटलंच, तर कुणाच्याही सोबत पाठवाव्यात, सुवर्णाच्या बॅगेतून नकोत. लॉयडनं काय वाजवायचं ते वाजवावं. त्याला सूचना देऊ नयेत.

कलम ७. मागच्या रविवारी सकाळी सुवर्णा न कळवता इथे आली होती. ऑपरेशनचं चैत्रालीकडून कळलं असावं. हातात डबा होता. मी दार उघडलं, पण बाजूला झाले नाही.

“आत नको घेऊस,” ती म्हणाली. “माफही नको करूस. मी सदुसष्टची आहे, मलाही कळतं. फक्त एवढं सांग, हॉस्पिटलमध्ये नातेवाईक म्हणून कुणाचं नाव दिलंस?”

“लॉयडचं.”

“तो कोण लागतो तुझा?”

“तो माझी गाणी ऐकत आलाय.”

ती पायरीवर उभी राहिली. मग म्हणाली, “मी एकही नाही ऐकलं. त्या दिवशी सिएटलला पहिल्यांदाच. तू थांबवलंस, मग मी निघूनच आले.”

मला हे माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत तिनं एक गाणंदेखील पुरतं ऐकलेलं नाही. दार लावलं. ती गेल्याचा गाडीचा आवाज बऱ्याच उशिरा आला.

तिनं सांगितल्यामुळे वरचं एकही कलम मी बदललेलं नाही. दोनदा वाचून पाहिलं आणि तसंच ठेवलं.

येणेप्रमाणे लिहिलेलं सगळं माझं आहे. याआधी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते आजपासून रद्द समजावं.

ठिकाण: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दिनांक: ५ सप्टेंबर २०२५

सही: नीला रवींद्र दंडिगे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही केली आणि ज्यांना यातून काहीही मिळत नाही:

१. अनिश मनोहर लोखंडे, फ्रीमाँट (सही)
२. राधिका शार्दूल देवपुजारी, शेजारी, फ्रीमाँट (सही)