चौथ्या खाटेचं इंजेक्शन

४ मार्च
आले बाई एकदाची! दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, आणि खाली दारावर माझी पाटी. त्यात 'डॉक्टर' हा शब्द नावापेक्षा मोठा. आईला फोनवर सांगितलं, तर तिला आधी जेवणाच्या सोयीची चौकशी. मोठे डॉक्टर, म्हणजे मालक, बोलायला गोड. मोठी सिस्टर मात्र मोजकंच बोलते. माझ्या तोंडाचा पट्टा तिला कितपत झेपतो बघू.

९ मार्च
तिसऱ्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत, पायाच्या जखमेसाठी. माझ्यासारखंच त्यांनाही स्वस्थ बसवत नाही. आज सिस्टरच्या ॲप्रनचं बटण लावत बसले होते. मला म्हणाले, टाके छान घातलेत, पण गाठ जरा कच्ची आहे. घ्या, आता पेशंटकडून शिकवणी! काकू रोज सकाळी दहाला येतात आणि आल्या आल्या त्यांची सुई काढून घेतात.

१२ मार्च
शिंपीकाका गेले. माझ्या हातून गेले.
सुई ओवायला उजेड हवा म्हणून त्यांनी शेजारच्याशी खाट बदलून घेतली होती. मी घाईत होते. चौथ्या खाटेचं इंजेक्शन चौथ्या खाटेला दिलं, नाव विचारलं नाही. चूक माझी, सगळीच्या सगळी माझी. काकू एवढंच विचारत होत्या, की अहो, झालं तरी काय? उद्या सगळं सांगणार आहे.

१३ मार्च
सकाळीच वकील आले. दुःख झालं म्हणा, चूक झाली म्हणू नका, म्हणाले. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, खटला झाला तर दवाखान्याला कुलूप लागेल, मग बाकीच्या पेशंटनी जायचं कुठे? माझी डॉक्टरकीची सनद जाईल ती वेगळीच. हे काही खोटं नाही. मी घाबरले. 'हृदय अचानक बंद पडले' या कागदावर सही केली. तेव्हापासून घशाला कोरड आहे.

१५ मार्च
आईला सगळं खरं सांगायला फोन केला. 'आई, मी' इथवर आले आणि आवाज बंद. ती हॅलो, हॅलो करत राहिली. बाकी सगळं बोलता येतं. पाणी द्या, दार लावा, पुढचा पेशंट पाठवा. घसा तपासून घेतला, ठणठणीत आहे.
शेवटी मोठ्या सिस्टरला विचारलं. तिनं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग चार बोटं दाखवली. म्हणजे तिच्याही गळ्यात असंच काही अडकलंय, चार वर्षं. मग मोठ्या डॉक्टरांच्या दाराकडे मान वळवून दाही बोटं उघडली. दोनदा.

१८ मार्च
काकू अजून रोज दहाला येतात, खालच्या बाकावर बसतात. आज म्हणाल्या, त्या सकाळी मी घरून दूध आणून पाजलं होतं, त्यानं तर नाही ना झालं? मुलगा म्हणतो तूच मारलंस, बोलत नाही माझ्याशी.
नाही हो काकू, ते मी—
तोंड उघडं, आवाज नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच मान हलवली. मी हो म्हटलं असं समजल्या त्या. देवा!

२० मार्च
पत्र लिहून टाकते. काकू, तुमच्या दुधानं काही झालं नाही. ते इंजेक्शन मी—
हात लाकडासारखा.
पुन्हा. त्या सकाळी मी—
पुन्हा. मी—

२१ मार्च
सुचलं! बारा तारखेचं पान आधीच लिहिलेलं आहे. बोलायला नको, लिहायला नको. वही त्यांच्या हातात द्यायची. सनद गेली खड्ड्यात. काकूंना वर बोलावलंय.

जिना चढताहेत. मध्येच थांबल्या, दम लागला असेल. उजव्या हातानं हे लिहितेय. डावा ऐकत नाही— पानं मागे उलटतोय, मी नाही उलटत—

बारा तारीख. कोपरा धरला त्यानं.

दार वाजलं. आत या म्हटलं, तेवढं निघालं तोंडातून. काकू, आधी वही घ्या, माझ्या हातातून ओढून घ्या, तो पान फा—