घडांवर गेलेली पानं

रविवार, ११ जानेवारी. थंडी बरीच आहे. सकाळी पाणी भरलं, कपडे मशीनला लावले, दहाला वाचनालयात गेले, साडेबाराला परत आले. भाजी कालचीच होती, पोळ्या केल्या. दुपारी एक पुस्तक वाचून संपवलं.

नाना, हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. मी अजून सातपूरला त्याच कारखान्यात आहे, तपासणी विभागात. दिवसभर पार्टला मापाचं गेज लावायचं, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल खोक्यात. बोलायचं काम फार पडत नाही, ते मला बरं वाटतं. तुम्ही आईला म्हणायचात, "ही पोरगी बोलत नाय, पर मनात लय धरून ठेवते." ते खरं होतं. जे धरून ठेवलं तेच आज लिहिते आहे.

मामा दर भाऊबीजेला विंचूरच्या आपल्या घरी यायचा तेव्हा आईसाठी साडी आणि माझ्यासाठी एक पुस्तक आणायचा. पाच वर्षांत पाच पुस्तकं झाली. सगळी एकाच मालिकेतली. एक मुलगी, तिचा मोठा भाऊ आणि त्यांना होडीतून फिरवणारा म्हातारा नावाडी. प्रत्येक पुस्तकात नवीन जागा आणि नवीन संकट. मी ती आईच्या लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली ठेवायचे. पहिली चार मला जवळजवळ पाठ होती. पाचवं मात्र मी पुरवून वाचत होते, रोज दोन पानं, म्हणजे ते जास्तीत जास्त दिवस टिकेल. वाचनाची ही रीत माझी मीच ठरवली होती आणि तीच मला नडली. भाऊबीजेपासून जानेवारीपर्यंत मी गोष्टीतल्या भुयाराच्या शेवटी आले होते. तिथे एक लोखंडी दार आहे. मुलगी दाराच्या कुलपाला हात लावते. त्या पानात मी मोरपीस घातलं होतं.

त्या वर्षी तुमची द्राक्षं पहिल्यांदा परदेशात जाणार होती. माल घेणाऱ्या पॅकहाऊसच्या माणसाने सांगितलं होतं की रात्रीच्या थंडीने हिरवा मणी गुलाबी पडतो आणि गुलाबी मणी तिकडे चालत नाही, म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळा. तुम्ही रद्दीची पोती आणलीत. बाया मांडवाखाली ओळीने उभ्या राहून एकेका घडाला वर्तमानपत्र गुंडाळत होत्या आणि वरून स्टेपलरची पिन मारत होत्या. सगळी बाग कपडे घातल्यासारखी दिसायला लागली. शेवटच्या चार ओळी राहिल्या आणि रद्दी संपली. विंचूरची दुकानं त्या दिवशी बंद होती, थंडी वाढत होती, आणि तुम्ही घरात येऊन पेटी उघडलीत.

मी शाळेतून येते. दप्तर खांद्यावरच आहे. मांडवाच्या कडेला पाच पुठ्ठे पडलेले दिसतात, वरची चित्रं ओळखीची. तुम्ही छाटणीच्या कात्रीने शिवण कापून जोडपानं सुटी केली आहेत आणि बाया ती दोन-दोन करून घडांना लावताहेत. मोरपीस मातीत पडलं आहे.

"नाना, माझी पुस्तकं."

"वाचून झाली व्हती ना?"

"पाचवं नव्हतं झालं."

"मग आता ओळीनं वाच. कुठं पळून गेलीत का पानं? हितंच हायेत." तुम्ही हसलात. बायाही हसल्या. एक म्हणाली, "चांगलं हे की गं. द्राक्षं बी शिकून इलायतीला जातील."

मी रडले नाही, हे तुम्हाला आठवत असेल. घरात गेले, कपडे बदलले आणि परत येऊन मांडवाखाली उकिडवी बसले. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर रोज मी त्या चार ओळींतून मान वर करून फिरायचे. एक पान इथे, त्याच्या पुढचं तिसऱ्या ओळीत, मधलं कुठेच नाही. पहिल्या पुस्तकातली होडी पाचव्यातल्या किल्ल्याशेजारी. आणि प्रत्येक कागदाची एकच बाजू बाहेर होती. दुसरी आत, मण्यांना चिकटून. लोखंडी दाराचं पान मला चौथ्या ओळीत सापडलं. मुलगी कुलपाला हात लावते आणि पान संपतं. पुढचं पान त्याच कागदाच्या आतल्या बाजूला होतं.

"उघडायचा नाय हां," तुम्ही बजावलं होतं. "एक रात गार लागली का मणी गेला."

तोडणीच्या आधी पॅकहाऊसचा माणूस घड बघायला आला. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या कितीतरी घडांचे कागद खाली पडलेले होते आणि मणी गुलाबी झाले होते. त्याने चार-पाच घड हातात घेतले, मान हलवली आणि मग पूर्ण बागेचाच माल नको म्हणाला. म्हणाला, निवडत कोण बसणार. तुम्ही त्याच्या मागे मोटारसायकलपर्यंत गेलात. मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी उभी होते. परत येताना तुम्ही माझ्यासमोर थांबलात. मला वाटलं आता मार बसणार.

"वाचायला उघडले ना?" तुम्ही विचारलंत.

मी हो म्हणून मान हलवली.

तुम्ही हात उचलला नाही. सगळ्या आयुष्यात तुम्ही माझ्यावर हात उचलला नाही हे मी मान्य करते. पण पुढच्या भाऊबीजेला मामा आला, पिशवीत हात घातला, आणि तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "पाव्हणं, पुस्तक सोडून काय बी आणा. त्या पुस्तकापायी माझी बाग गेली." मामाचा हात पिशवीतच राहिला. मला पुस्तकाचा निळा कोपरा दिसला होता. ते कोणतं होतं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यानंतर मामा फ्रॉक आणायचा, मग ड्रेसचं कापड. आपल्या घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय छापलेला कागद फक्त डाळीच्या पुड्यांचा येत होता. आई पुडी सोडली की कागद सपाट करून मला द्यायची, तुम्ही बघत नसलात तर.

नोकरी लागल्यावर मी नाशिकला खोली घेतली. दुसऱ्याच महिन्यात मेनरोडच्या मागच्या बाजूला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ते पाचवं पुस्तक मिळालं. तिथेच उभ्याने मी भुयाराचं शेवटचं प्रकरण काढलं आणि दाराच्या आत काय होतं ते वाचलं.

चार महिन्यांनी तुमची उजवी बाजू गेली. मी रजा टाकून आले. तुम्ही खाटेवर, तोंड जरा वाकडं, शब्द एकेक करून बाहेर येत होते. आई स्वयंपाकघरात कढी करत होती, तिचा वास येत होता. मी तुमच्या पायाला तेल लावत होते.

"त्या दाराच्या आत काय व्हतं गं?"

"कोणत्या दाराच्या?"

"लोखंडी. पोरगी हात लावती ना कुलपाला."

माझा हात थांबला. तुम्ही फवारणी करताना वाचलं होतंत. पाठीवर पंप घेऊन ओळीतून जाताना, मी जे वाचत होते तेच, तिथपर्यंतच. "म्होरलं आतल्या अंगाला व्हतं," तुम्ही म्हणालात. "मी नाय उघडलं."

मला शेवट माहीत होता. दोन वाक्यांत सांगता आला असता. मी म्हणाले, "मला काय माहीत, नाना. ती पानं घडांवर गेली."

तुम्ही वर पंख्याकडे बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी परत म्हणालात, "कोणाला तरी इचार की." मी म्हणाले, विचारते. तिसऱ्यांदा तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत आणि मी तेलाची बाटली शोधायला उठले. बाराव्या दिवशी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, पोरीने किती केलं बापाचं. मी केलंच होतं. आणि सगळं करताना मनात एक गोष्ट अगदी जागच्या जागी बसली होती, गेजमध्ये पार्ट बसावा तशी. मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं वाटलेलं नाही. तुम्ही माझा शेवट घेतलात, मी तुमचा घेतला.

आई गेल्यानंतर मी आणखी एक सुरू केलं. तुम्ही जे जे अडवलं ते सगळं वाचायचं. आधी मामाची बाकीची चार पुस्तकंही शोधून आणली. ती आता पातळ वाटतात. भाऊ विचार करतो आणि मुलगी चहा करते, हे मला लहानपणी दिसलंच नव्हतं. ती होडी मी केवढी मोठी समजत होते, ती चार माणसांची आहे. तरी लोखंडी दारापाशी आले की माझा हात अजून थांबतो. मग मी दर रविवारी वाचनालयाच्या मुलांच्या दालनात जायला लागले. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी विचारलं, "मुलीसाठी घेताय का?"

"नाही. माझ्यासाठी."

"मॅडम, बालविभागाचं कार्ड सोळा वर्षांपर्यंतच असतं."

"मग मी इथेच बसून वाचते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बुटक्या बाकाकडे. "गुडघे दुखतील हो," म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्यांनीच एक खुर्ची आणून ठेवली आणि पुस्तकं त्यांच्या नावावर घरी द्यायला लागल्या. मी वाळवंटातलं वाचलं, बर्फातलं वाचलं, तुमच्या काळात लिहिलेलं आणि परवा छापलेलं, मला ज्याचं नावही माहीत नव्हतं असं सगळं. एकेक संपवलं की मनात तुम्हाला म्हणायचे, हेही वाचलं बघा. आता काय करता?

आज दुपारी संपवलं ते नवीन आहे. त्यात एक मुलगी आजोबांवर रागावून त्यांच्या होडीचा दोर कापते. होडी वाहून जाते. आजोबा किनाऱ्यावर येऊन विचारतात, वाऱ्याने नेली का? ती हो म्हणते. पुढे सगळं पुस्तक ती होडी शोधण्याचं आहे. मजेचं आहे, वेगाने जातं. पण मी तिसऱ्या प्रकरणानंतर थांबले, उठून भांडी घासली आणि मगच पुढचं वाचलं.

नाना, वाचायला मी एकच घड उघडला होता. चौथ्या ओळीतला, लोखंडी दाराचा. पाणी उतरून मऊ झालेल्या मण्यांनी आतला कागद भिजून अक्षरं एकमेकांत गेली होती. काहीच वाचता आलं नाही. मग मी दुसरा उघडला, तिसरा उघडला, आणि त्यानंतर मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. पिन काढायची, कागद खाली टाकायचा, पुढे जायचं. रोज शाळेतून आल्यावर आठ-दहा. ते घड गुलाबी पडावेत म्हणून. तुम्ही "वाचायला उघडले ना" म्हणालात आणि मी मान हलवली, कारण ते सोपं होतं. दोष पुस्तकांवर गेला आणि मी तो जाऊ दिला. मामाचा हात पिशवीत राहिला तेव्हाही मी एक शब्द बोलले नाही.

ते कागद तुम्हीच गोळा केले होतेत. वाचणारा माणूस कागद तसा चुरगाळून टाकत नाही, हे तुम्हाला दिसलं असणार. दिसलं असेल तर तुम्ही ते वाक्य माझ्या तोंडात का दिलंत? आणि पुस्तकं बंद का केलीत? दिसलं नसेल, तर तुम्ही खरोखरच पुस्तकांवर रागावला होतात आणि तरी फवारणी करताना वाचत होतात. दोन्हीतलं कोणतं खरं ते मला ठरवता येत नाही. तुम्ही एक जरी कागद उघडून वाचला असता तर माझा राग कमी झाला असता का, तेही माहीत नाही.

राग गेलेला नाही. कात्रीने शिवण कापलीत ते मी विसरणार नाही, आणि बायांबरोबर हसलात तेही. म्हणून दाराच्या आत काय होतं ते मी इथेही लिहीत नाही. मात्र गेल्या एकोणीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही की ते प्रकरण वाचताना मी शेवटच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या नाहीत. एकटीच असते. आवाज जरा वर काढून वाचते, खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढा.

हे कागद त्या पाचव्या पुस्तकातच ठेवते. त्याचा पुठ्ठा सुटत चालला आहे. कालचं वर्तमानपत्र घेतलं, जमिनीवर पसरलं, पुस्तक मधोमध ठेवून चारही बाजू दुमडल्या आणि त्याला कव्हर घातलं.