फक्कीचं घर

अहो दत्तूचे आबा,

तिकडं गेल्यावर तरी विसरभोळेपणा कमी झाला का? जाताना चष्मा खुंटीवर, ओळंबा दारामागं आणि मला इथंच विसरून गेलात. चौथं वर्ष लागलं, एकदा तरी मागं वळून बघितलंत? म्हणून म्हटलं, आपणच कळवावं. अक्षर नातीचं, प्रियाचं आहे. बोलणं माझं.

डिंगोऱ्यातलं आपलं पत्र्याचं घर पाडलं आणि त्याच जागी नवं बांधलं. परवा वास्तुशांत झाली. जन्मभर लोकांची घरं बांधणाऱ्या गवंड्याच्या बायकोला पक्कं घर मिळालं, ते गवंडी गेल्यावर. रागावू नका, खरं तेच सांगते.

बांधायचं ठरलं तेव्हा तुमच्या लेकाच्या डोळ्यांपुढं पुण्यातले बंगले. पैसा मोजका, पण हौस लई. रस्त्याच्या बाजूला, मावळतीला, भिंतभर काच हवी. आणि गाडीला जागा पाहिजे म्हणून आंब्यावर कुऱ्हाड.

"अरे, भाजून निघशील," मी म्हटलं.

"एसी लावू की, आई."

"मग त्याचं बिल भराया तुझा बाप येणार हाय का वरून?"

हसला आणि जुन्नरला कामावर गेला. दिवसभर तिकडं असतो, त्याला घरातली दुपार काय ठाऊक?

मग तुमचीच युक्ती काढली. तुम्ही लोकांना सांगायचात ना, पाया खणायच्या आधी फक्की टाका आणि त्या रेघांत एक दिवस राहून बघा? गेल्या चैत्रात एका रविवारी, जुनं घर पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी सगळं घर आखून घेतलं. बाज टाकली आणि सकाळपासून हॉलमध्ये बसले. सून चहा घेऊन सरळ रेघ ओलांडून आली.

"सुनंदा, भिंतीतनं काय येतीस? दार तिकडं हाय."

बिचारी कप सांभाळत वळसा घालून आली.

चार वाजता दत्तूला काचेच्या जागी बसवलं. म्हटलं, बघ जरा रस्त्यानं कोण जातंय. तुमची एक बिडी संपेल एवढा वेळही टिकला नाही. घाम पुसत उठला, बाज उचलली आणि भिंतींतून आरपार चालत थेट स्वयंपाकघरात जाऊन आडवा झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आपणहून स्वयंपाकघरात गेला असेल. तिथं सावली होती. कुणाची, म्हणून त्यानं वर बघितलं. आंब्याची.

"आई, झाड ऱ्हाऊ दे," म्हणाला.

जिंकल्यावर गप्प बसायचं, हे तुमच्याबरोबर राहून शिकले.

मग काच गेली. मावळतीला जिना आणि न्हाणीघर घेतलं, काय ते ऊन त्यांनी सोसावं. खिडक्या समोरासमोर, त्यांच्यावर रुंद छज्जा. काचेचे पैसे जाड भिंतीत घातले. जुनी सागवानी दारं रंधा मारून परत बसवली. स्लॅबला वरून पांढरा चुना. पाव्हणे म्हणाले, "घर रस्त्याकडं पाठ करून बसलंय, राव." म्हटलं, "रस्त्याला न्हाई राहायचं त्यात, आमाला राहायचंय." परवा भर वैशाखात जेवून तेच पाव्हणे फरशीवर घोरत पडले होते. पंखा लावायलाही कुणी उठलं नाही.

एक गाऱ्हाणं मात्र आहे. जगाला शहाणपण शिकवलंत, आणि आपल्या पत्र्याच्या घराची फक्की टाकलीत ती दिवस मावळल्यावर, घाईघाईनं. ऊन कुठून येतं ते दिसणार कसं? किती वर्षं चुलीपुढं दोन्हीकडून भाजले मी. एकदा भाकरी थापताना चक्कर आली, तेव्हा पाणी पाजत म्हणालात, "चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी आंब्याचं रोप आणून लावलंत. जन्मात तेवढीच एक माफी मागितलीत. ती मी गाडी लावायला तोडू दिली असती का?

शब्द देते. मी असेपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावणार नाही, आणि माझ्यामागं प्रिया आहे. लिहिता लिहिता मान डोलावतेय. भिंत सरळ आहे का बघायचा तुमचा ओळंबा तिच्याच ताब्यात दिलाय.

दत्तूची आई
(अंगठा माझा)

ता. क. झाड गेल्या साली रुसलं होतं, मूठभरच कैऱ्या दिल्या. यंदा मोठी बरणी धुऊन ठेवलीय. लोणच्याला पुरतील एवढ्या कैऱ्या पाठवा, चांगल्या आंबट. आणि विसरू नका.