डोळे लाल आहेत ते रागाने

आदरणीय वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. हे अक्षर दिसलं की मीच तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर येऊन बसले आहे असं समजा. फक्त शेवंतीचा चहा पुढे करू नका, का ते सांगते. तुमचे गुडघे कसे आहेत? आल्याच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसता, की नुसतं "बसते, बसते" म्हणून लेकाला, वाओमिनला, गप्प करता? त्याचं चष्म्याचं दुकान बरं चाललंय ना? तान्यांगमध्ये घरोघरी चष्मे करतात, पण आमच्या वाओमिनसारखी काच कोणी घासत नाही, असं हे नेहमी म्हणायचे. इकडे आम्ही खुशाल. आम्ही म्हणजे मी. दोन वर्षं झाली तरी हात 'आम्ही'च लिहितो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोनवर तोंड बघितल्याशिवाय बोलत नाही, आणि माझं तोंड गेला दीड महिना बघण्यासारखं नव्हतं. माझे डोळे लाल झाले होते. पत्रातून डोळे दिसत नाहीत, हा पत्राचा मोठाच गुण आहे. (अक्षर एवढं मोठं का आणि ओळी उतरत्या का, तेही पुढे कळेल.)

नव्या वर्षाचे कंदील उतरवले त्या सुमाराला हे सुरू झालं. आमची लीछिंग शन्चनहून रोज संध्याकाळी फोन करते, तुम्हाला माहीत आहे. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, कॅमेऱ्याजवळ ये. अजून जवळ. रडलीस का?" मी म्हटलं, कांदा चिरत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आजही कांदा?" म्हटलं, घरात कांदाच आहे. आठवडाभर मी कांदा चिरला, वन्सं, तेव्हा ती गप्प झाली, आणि ही मुलगी गप्प झाली म्हणजे काहीतरी ठरवते, अगदी तुमच्या भावासारखी. मग म्हणाली, "छिंगमिंगला बाबांची कबर झाडायला येतेच आहे. तोवर डोळे पांढरे झाले नाहीत तर तुला इकडे घेऊन येणार. घराला भाडेकरू बघते." अठराव्या मजल्यावर! तिथे मी एकदा चार दिवस राहिले आहे. शेजारीण कोण ते तिला स्वतःलाही माहीत नाही. आणि इथे ह्यांची खुर्ची, ह्यांचा तराजू, मागच्या अंगणातलं तुतीचं झाड, यांना काय भाडेकरूच्या हवाली करू? त्या दिवशी मी ठरवलं, छिंगमिंगच्या आत डोळे पांढरे करायचेच.

कारण मी रडत नव्हते. हे मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. डोळे लाल होते ते रागाने. राग यकृतात राहतो, यकृतात आग भडकली की ती डोळ्यांतून बाहेर पडते. हे माझं म्हणणं नाही, पुस्तकाचं आहे. (उठून भात बघून आले. अजून कच्चा आहे.)

पुस्तक म्हणजे ह्यांचं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं. थांग वैद्यबुवांच्या दुकानात हे एकतीस वर्षं खणांतून औषधं काढून तोलत होते, आणि त्या पुस्तकाच्या समासात मुंगीएवढ्या अक्षरात टिपत होते. मी शाळेत दोनच वर्षं गेले, बाकीचं वाचन औषधाच्या पुड्यांवरची नावं लावून शिकले. त्यामुळे मला 'आकाश' वाचता येण्याआधी 'तुतीची पानं, सुकवलेली' वाचता येत होतं. आता दुपारचं जेवण झालं की मी ते पुस्तक घेऊन खिडकीशी बसते. त्यात लिहिलंय की डोळ्याचा एकेक भाग आतल्या एकेका अवयवाच्या ताब्यात असतो. बुबुळ यकृताचं, कोपरे हृदयाचे, पापण्या पोटाच्या. पांढऱ्या भागाचं पान कधीतरी रस्सा सांडून पुढच्या पानाला चिकटलंय, ते मी सोडवत बसले नाही. यकृत सापडलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

सुरुवात शेवंतीच्या चहाने केली. पुस्तकात दिवसाला दोन पेले सांगितले आहेत. पण पुस्तकाला छिंगमिंगची घाई नाही, म्हणून मी आठ प्यायले. आणि पिण्याआधी प्रत्येक पेल्याच्या वाफेवर डोळे धरून बसले. डोळे काही निवले नाहीत, मी मात्र दिवसभर मागच्या दाराशी येरझाऱ्या घालत होते. मग टाकळ्याच्या बियांची उशी शिवली, डोक्यातली उष्णता ओढून घेते म्हणून. कूस बदलली की कानाखाली कोणीतरी खडी ओततंय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ती उन्हात टाकायला नेली, तर दारातच शिवण उसवली आणि शेरभर बिया उंबऱ्यावरून अंगणात गेल्या. नेमकी त्याच वेळी समोरची मिआओबाई बांबूचे कोंब द्यायला आली. ती पडली नाही, वन्सं. ती घसरून बसली. पण गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पडले.

मग मला खरोखरच राग आला, आणि राग आला म्हणजे आग वाढणार, म्हणून मी मोठा काढा करायचं ठरवलं. पुस्तकातलाच. शेवंती, तुतीची पानं, पुदिना, झाडावर किड्याने टाकलेली कात आणि वर ते कडू मूळ, ज्याच्यापुढे कारलं म्हणजे बर्फी. ह्यांच्याच तराजूवर तोललं. समासात ह्यांनी काहीतरी लिहिलं होतं, ते मला 'तीन दिवस घ्यावा' असं दिसलं. नंतर कळलं, ते 'तीन दिवस पोट बिघडतं, जपून घ्यावा' असं होतं. (पोटाचं सविस्तर लिहीत नाही. तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्या.)

खरी फजिती मात्र चोथ्याने केली. तुमच्याकडे काढ्याचा चोथा अजून रस्त्यावर टाकतात का? इथे झाडणारी बाई ओरडते, तरी जुनी माणसं गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकतातच. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली दुखणं तुडवलं जातं. मीही टाकला. आणि मिआओबाई तिथे छत्री घेऊन उभीच. काहीजणी सकाळी वर्तमानपत्र वाचतात, ही चोथा वाचते. छत्रीच्या टोकाने उलटापालट करत म्हणते कशी, "शेवंती... तुतीची पानं... अगंबाई, कडू मूळ! म्हणजे डोळे. शियूफन, अगं किती रडशील? मेलेलं माणूस परत येतं का?" मी म्हटलं, चोथ्यात रडण्याचं काही सापडतंय का बघ. ती म्हणाली, "त्याचं औषध कुठे असतं, म्हणून सापडत नाही." घरी जाऊन तिने लीछिंगला फोन केला आणि कळवलं की तुझ्या आईने रडून रडून यकृत विरघळवलं. त्या संध्याकाळी लीछिंगने मला भाडेकरूंचे फोटो दाखवले. दोन मुलं असलेलं एक जोडपं. मुलं तुतीवर चढणारी दिसली.

(भात झाला. जेवून घेते. ... जेवले नाही, झाकून ठेवला.)

शेवटी थांग वैद्यबुवांकडे गेले. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, दुकानात सून बसते, पण नाडी तेच बघतात. डावा हात धरला, उजवा धरला, जीभ काढ म्हणाले. मी माझं निदान सांगितलं: यकृत, आग, राग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पांढऱ्याचं पान वाचलंस?"

"ते चिकटलंय."

"चिकटलंय की चिकटवलंयस?"

मग त्यांनी सुई काढली आणि दोन्ही कानांची टोकं टोचून दहा-दहा थेंब रक्त काढलं. लाल डोळ्यांना हे करतातच, ह्यांनी कितीदा सांगितलं होतं. कापूस दाबून बसले होते, तेवढ्यात त्यांनी पथ्याचा कागद लिहून पुढे केला. "वाच बघू मोठ्याने. तू वाचण्यात चुकतेस असं ऐकलं." (मिआओबाई!) मी पिशवीतून चष्मा काढून लावला आणि कागद लांब धरला, मग जवळ धरला, मग खिडकीकडे धरला.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "हा तुझ्या शौरनचा," म्हणाला. "काडीला पुड्या बांधायचा दोरा माझ्यासमोर गुंडाळला होता त्याने."

मी म्हटलं, चांगला आहे, मोडलेला नाही.

"त्यातून तुला काय दिसतं?"

"त्यांचं अक्षर."

"नीट दिसतं?"

"बघत राहिलं की हळूहळू दिसतं."

"आणि किती वेळ बघत राहतेस?"

मी खरं ते सांगितलं. दुपारच्या जेवणापासून लीछिंगचा फोन येईपर्यंत.

त्यांनी पथ्याचा कागद परत घेतला, सगळं खोडलं आणि दोन ओळी लिहिल्या. औषध बंद. चष्मा बंद. मी विचारलं, मग कान कशाला टोचलेत? म्हणाले, "राग आहे म्हणालीस ना? निघाला तेवढा निघाला." आणि सुनेबरोबर मला समोरच्या दुकानात नंबर काढायला पाठवलं. माझा नंबर ह्यांच्या नंबरच्या जवळपासही नाही, वन्सं. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, पण काचा काही जुळल्या नाहीत. दुकानदार नवा चष्मा दाखवत होता, सोनेरी काड्यांचा. मी नको म्हटलं आणि निघाले.

पुलावर आले तोच लीछिंगचा फोन. मी विसरून उचलला. ती किंचाळलीच. "आई, गळ्यावर रक्त!" म्हटलं, कानाचं आहे. "कानाला काय झालं?" काही नाही, डोळ्यांसाठी. "डोळ्यांसाठी कान?" पुलावर माणसं थांबून बघायला लागली. तिला सगळं समजेपर्यंत माझी बॅटरी संपली. फोन पुन्हा लागला तेव्हा तिने तिकीट काढलेलं होतं, ते रद्द करायला लावलं.

तर असं झालं. चष्मा बंद करून आज सहा दिवस झाले. तिसऱ्या दिवशीच डोळे निवळले, परवा तर कोऱ्या बशीसारखे पांढरे होते. लीछिंगने तीनदा जवळ बोलावून बघितलं आणि म्हणाली, "बरं, या वर्षी राहा." मिआओबाई रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन रिकामा रस्ता बघून जाते. मी जिंकले, वन्सं. घर राहिलं, तुती राहिली. काळजीचं काहीच कारण नाही आणि मला तुमच्याकडून काहीही नको, नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

फक्त दुपार जात नाही. जेवण झालं की उठते, उंबरा घासते, घासलेला पुन्हा घासते. सगळ्या रजया धुतल्या. ज्यांना ऊन दाखवायची गरज नव्हती त्या मुळ्यांनाही ऊन दाखवलं. काल पुलापर्यंत चार वेळा जाऊन आले, शेवटच्या खेपेला काय आणायला गेले होते तेच आठवेना. बाहेर मोहरीची शेतं पिवळी झालीत, लोक बघायला येतात. मी खिडकीशी बसते, पुस्तक उघडते, आणि सगळ्या पानांवर मुंग्या. त्या चालतात, पण काही बोलत नाहीत. हे पत्र लिहिताना सात वेळा उठले आहे. आता आठव्यांदा उठते. गुडघ्यांना जपा.

तुमची भावजय,
शियूफन

ता. क. पत्राबरोबर एक डबी आहे. तीत ह्यांच्या रुमालात गुंडाळलेला चष्मा आहे आणि माझ्या नंबरचा कागद. वाओमिनला सांगा, हीच चौकट ठेवायची, काचा फक्त माझ्या घालायच्या. छिंगमिंगच्या आत पाठवायला सांगा. लीछिंगने मला वाचताना बघितलं पाहिजे, आणि तेही पांढऱ्या डोळ्यांनी.

ता. क. आणखी एक. डाव्या काडीचा दोरा काढायचा नाही. वाओमिन कारागीर आहे, त्याला नवी काडी बसवायची हुक्की येईल. तुम्ही समोर बसा. चौकट यंत्रात घालून चकचकीतही करायची नाही. जुन्या काचा फेकू नका, त्याच रुमालात परत पाठवा.

ता. क. शेवटचं. डबी बांधायच्या आधी मी ते चिकटलेलं पान वाफेवर धरून सोडवलं. डोळ्याचा पांढरा भाग फुप्फुसाचा असतो, आणि फुप्फुसात दुःख राहतं, असं त्यात आहे. शेजारी समासात ह्यांनी लिहिलंय: 'शियूफनचे डोळे रागाने लाल होत नाहीत. रागावली तर भांडी आपटते. रडली की लाल होतात, आणि विचारलं तर कांदा म्हणते.' अजून एकशे चाळीस पानांचे समास वाचायचे राहिलेत, म्हणून घाई करा. आज डोळे पुन्हा लाल आहेत, पण ते चष्म्यामुळे. तेवढा एकदाच लावला होता. लीछिंगचा फोन यायची वेळ झाली. घरात कांदा आहे का बघते.