बँग्ज, दर तीन आठवड्यांनी

१ फेब्रुवारी, रविवार

कापले! स्वतःच्या हाताने, बाथरूमच्या आरशासमोर, कापडाच्या कात्रीने.

अर्धा तास झाला. पुन्हा आरशात बघायची हिंमत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पंधरा दिवस डोक्यात हेच होतं – कर्टन बँग्ज. दुकानात जॅकेट आल्टर करायला आलेल्या मुलीचे पाहिले. मधोमध भांग, पडदा सारावा तशा दोन्हीकडे बटा, गालाच्या हाडापाशी येऊन संपलेल्या. ट्रायल रूमच्या आरशात ती बाह्या बघत होती आणि मी बँग्ज. माझं कपाळ म्हणजे मैदान. चव्वेचाळीस वर्षं उघडं पडलंय. म्हटलं, आता पडदा लावू या.

आणि मी काय विचार केला – वीस वर्षं कापड कापतेय, केस काय कापता येणार नाहीत? आधी पाण्यातून काढायचं, म्हणजे नंतर आटायला नको. मग घडी: दोन्ही बाजूंच्या बटा नाकासमोर एकत्र आणायच्या आणि एकदाच तिरकं कापायचं, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. गळा असाच तर कापतो! टेपने माप घेतलं – डोळ्याच्या खाली बोटभर. वर अर्धा इंच माया सोडली, शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतो तशी.

मग केस वाळले. कापड आधी आटतं, मग त्याला कात्री लावतात. मी आधी कात्री लावली, मग ते आटले. थेट भुवईवर! त्यात कपाळाच्या डाव्या कोपऱ्यात भोवरा आहे. मला तो लहानपणापासून माहीत आहे, पण घडीला कुठे माहीत? उजवी बाजू पडली, डावी उभीच राहिली. हात दाखवून अवलक्षण.

२ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. मास्तर म्हणजे आमच्या दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारे. पँटी त्यांच्या, बाकी सगळं माझं.

“पाणी दिलं होतं?”

“दिलं होतं.”

“वाळवलं होतं?”

मी बॉबिन भरायला घेतली.

“हे मी सांगायचं तुम्हाला?” म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. पाच मिनिटांनी पुन्हा – “आणि ही झुलपं मुद्दाम एक वर एक खाली ठेवलीत, का तीही फॅशन आहे?”

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात क्लिपा लावल्या, तरी डावी बट उभी! एका गिऱ्हाइकाने विचारलं, “बाहेर वारं सुटलंय का हो?”

४ फेब्रुवारी, बुधवार

हे निस्तरणारी या भागात एकच आहे. बारकी.

बारकी माझी नणंद. होती म्हणायचं, का आहे? तिच्या भावाशी घटस्फोट झाला त्याला अडीच वर्षं झाली. भांडण नाही, तमाशा नाही. दोघांनी सह्या केल्या, कपाटं वाटून घेतली. त्याची आठवण येते का? खोटं कशाला बोलू, नाही येत. पण सह्या आम्हा दोघांच्या आणि गेली मात्र तिसरीच! मी लग्न होऊन आले तेव्हा बारकी बारा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घालायचे. हेअरड्रेसर व्हायचं ठरल्यावर तिने पहिली कात्री माझ्याच केसांना लावली. सहा महिने मी पायऱ्या पायऱ्यांचं डोकं घेऊन हिंडले आणि सगळ्यांना सांगितलं, हीच नवी पद्धत आहे!

मग घटस्फोट झाला, आणि कुणीच कुणाला फोन केला नाही. मला वाटलं, भावाची बहीण, ती त्याच्याच बाजूची असणार. तिला काय वाटलं ते तिलाच माहीत.

तिचं सलून आमच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर आहे. अडीच वर्षं मी तिसऱ्या गल्लीने जातेय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. नाक मुठीत धरून.

“या,” म्हणाली. “बसा.”

बसा! सोळा-सतरा वर्षं ‘वहिनी, सरक ना जरा’ म्हणणारी पोरगी मला बसा म्हणाली. मी बसले.

तिने क्लिपा काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, ओठ घट्ट दाबून. सातवी निघाली, डावी बट टुणकन उभी राहिली आणि बारकीला हसू फुटलंच.

“कशाने कापलेत?”

“कापडाच्या कात्रीने.”

“भिजवून?”

“भिजवून.”

“घडीवर?” तिच्या शाळेतले सगळे फ्रॉक मीच शिवलेत, माझी पद्धत तिला पाठ आहे. खूप हसलो दोघी. मग एकदम थांबलो. दोघींनाही एकदमच आठवलं असणार.

मग ती कामाला लागली. केस कोरडेच ठेवले. कात्री उभी धरून टोकंटोकं टिपली. डावीकडे थोडे जास्त केस ओढून घेतले, म्हणजे वजनाने भोवरा दबतो. “चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या कधीच नसतात,” म्हणाली, “त्या सारख्या दिसतील असं कापायचं.” मला हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझे कपडे सगळे सारखे आणि माणसं तिरकी, म्हणून फिटिंगला इतकी मारामारी!

सूचना घरी येताच लिहून ठेवतेय. डोकं धुतलं की सगळ्यात आधी बँग्ज वाळवायचे, बाकीचे केस मागून. ड्रायर वरून खाली धरायचा. ब्रश कपाळाला चिकटवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवायचा, म्हणजे भोवऱ्याला कुठे वळायचं ते कळत नाही आणि तो गप्प बसतो. मग मोठा रोलर, दहा मिनिटं. तेल कपाळापासून लांब. चिकट झाले तर नुसते बँग्ज बेसिनमध्ये धुवायचे. आणि दर तीन आठवड्यांनी यायचं, नाहीतर आकार जातो.

एवढं सगळं बोलली, पण मला हाक कशानेच मारली नाही. वहिनी नाही, ताई नाही, मॅडमसुद्धा नाही. ‘हं, मान खाली.’ ‘हं, डोळे मिटा.’ मीही बारके म्हटलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रोलर लावून चहा केला. रोलर लावून भांडी घासली. रोलर लावूनच दार उघडलं आणि कुरिअरवाल्याला सही दिली. तो बिचारा सही होईपर्यंत माझ्या चपलांकडे बघत होता! का ते दार लावल्यावर कळलं.

पण नंतर सोडला तर – वा! अजून आखूडच आहेत, पण वळण आलंय. उगाच दोनदा खाली जाऊन आले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी वीस मिनिटं खर्चून वळण आणायचं आणि अकरा वाजता स्टीमच्या इस्त्रीसमोर उभं राहून घालवायचं. हाच माझा धंदा!

मास्तरांनी उपाय काढला. इस्त्री करताना बँग्ज वर घेऊन कपड्याच्या चिमट्याने अडकवायचे. गिऱ्हाईक आलं की चिमटा काढायचा. आज दोनदा विसरले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन आठवडे झाले. दहाच्या ठोक्याला हजर! सकाळी सलून रिकामं असतं.

आज ‘बस’ म्हणाली. ‘बसा’चा शेवटचा आ गळून पडला आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

तासभर बसवलं. विंचरलं, वाकून बघितलं, पुन्हा विंचरलं. तिच्या खुर्चीचा पंप बिघडलाय, माणूस बसला की हळूहळू खाली जातो. एक जाडे गृहस्थ दाढी होईपर्यंत आरशातून नाहीसे झाले म्हणे. हसून हसून पोट दुखलं. मग कुठल्यातरी बोलण्यात – “नाही गं वहिनी, तसं नव्हतं ते...” – आणि जीभ चावली तिने. आरशात दिसलं मला.

मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. अख्ख्या रस्त्याने गुणगुणत आले. वय काय, चाललंय काय!

११ मार्च, बुधवार

उकाडा. कपाळावर घाम, घामाने बँग्ज चिकट, चिकटपणाने पुटकुळ्या. बेसिनमध्ये धुतले. दुपारी पुन्हा धुतले. सौंदर्य म्हणजे काय खायचं काम आहे? तरी कापून टाकावे असं एकदाही मनात आलं नाही. कापून टाकले तर गुरुवारी जाऊ कशाला?

हे लिहिलं आणि थांबले. म्हणजे खरं हे आहे तर.

१९ मार्च, गुरुवार

आज ती नुसतीच विंचरत राहिली. शेवटी आरशातल्या माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादा लग्न करतोय. मे महिन्यात.”

मी म्हटलं, “अरे वा.” आणि ते मनापासून होतं, शपथेवर. त्याने सुखी व्हावं, त्याच्या कपबश्या आता दुसरं कुणीतरी उचलेल.

“ती चांगली आहे,” बारकी म्हणाली. “ऑफिसात आहे त्याच्या.”

“मग छानच की.”

ब्रश फिरत राहिला. निघताना नेहमीसारखं म्हणाली, “तीन आठवडे. नऊ तारीख.” मी हो म्हटलं.

घरी आल्यावर रडू आलं. त्याच्यासाठी नाही. वहिनी ही एक जागा असते. ती रिकामी होती तोवर मी अधूनमधून जाऊन बसत होते. आता तिथे माणूस आलं. उद्या ती बाई त्याच सलूनमध्ये बसलेली असेल, बारकी तिला वहिनी म्हणेल, म्हणायलाच हवं, आणि मी शेजारच्या खुर्चीत कोण? तीन आठवड्यांनी येणाऱ्या बाई.

९ एप्रिल, गुरुवार

गेले नाही.

अकरा वाजता तिचा मेसेज – “आज गुरुवार आहे.” एवढाच. मी लिहिलं, “युनिफॉर्मची मोठी ऑर्डर आहे.” ऑर्डर कालच पोचती केली होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मशीनकडे.

१२ एप्रिल, रविवार

मेसेज – “वाढले असतील. डोळ्यात जात असतील.”

नाही जात! उलट आज पहिल्यांदा बरोबर बसलेत. दोन्हीकडच्या बटा गालाच्या हाडापाशी आल्यात, त्या जॅकेटवाल्या मुलीसारख्या. हवे होते तसे झाले आणि दाखवायला कुणी नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

“काही उसवलंय का?” मास्तरांनी विचारलं. मी चुकून बाही उलटी लावली होती.

सांगून टाकलं सगळं. मास्तर कधी मध्ये बोलत नाहीत. दातात टाचणी धरून ऐकत राहिले. मग टाचणी काढून म्हणाले, “नवरा उसवला म्हणून नणंद कशाला उसवायची? ती शिवण वेगळी.”

“तिला हवी असेल तर ना, मास्तर. तिने मला कधी ‘ये’ म्हटलं नाही. एकदाही नाही. बँग्ज कापायचे होते म्हणून मी गेले, आकार जातो म्हणून पुन्हा गेले. गिऱ्हाईक म्हणून बोलावलं, गिऱ्हाईक म्हणून गेले. त्यात मी आपली नाती जोडत बसले. एका ‘वहिनी’वर दोन महिने काढले मी!”

“मग विचारा तिला.”

“आणि ती ‘गिऱ्हाईक’ म्हणाली तर?”

मास्तरांनी टाचणी परत दातात धरली. विचारायची छाती नाही माझी. नुसतं न जाणं सोपं आहे.

बाही उसवली, सुलटी लावली.

२२ एप्रिल, बुधवार

कोट आल्टर करायला एक बाई आल्या. स्वतः हेअरड्रेसर, गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान. मी खांद्याचं माप घेत होते तर त्या माझ्या कपाळाकडेच बघत. “कुणी कापलेत? हात चांगला आहे. भोवरा असा लपवायला जमत नाही सगळ्यांना.”

म्हटलं, हो, भुवईवर होते तिथून वाढवलेत, पण दर तीन आठवड्यांनी जावं लागतं.

“कर्टन बँग्जना?” हसायलाच लागल्या. “अहो, दोन-दोन महिने बघायचंसुद्धा नसतं त्यांच्याकडे! आणि तुम्हाला तर वाढवायचे होते. तीन आठवड्यांत कापायला असतं काय? ती करायची काय तासभर?”

काय करायची? विंचरायची. बोलायची. पुन्हा विंचरायची.

थापाडी! एक नंबरची थापाडी मेली माझी बारकी!

मास्तरांना म्हटलं, बाईंच्या बाह्यांचं माप तुम्ही घ्या, मी नणंदेकडे जाऊन येते.