साठवणीतला आवाज

३ मार्च
लागले एकदाची! आजपासून मी रेडिओवरची निवेदिका. लहानपणी तोंडापुढे उलथनं धरून घरभर बातम्या द्यायचे, वडिलांनी आजही दाढी केलेली नाही वगैरे. वडील खो खो हसायचे, आई लाटणं उगारायची. आता वडील नाहीत आणि आईला दिसत नाही. गावी एकटीच असते, उशाशी रेडिओ घेऊन. निघताना तिनं बजावलं, की रोज सकाळी तुझा आवाज आला की मी समजेन, पोरगी धड आहे.

केंद्र इवलंसं आहे. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, माइकला फोमची टोपी. प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. आणि भेटावं कोण? संध्याकाळचा कार्यक्रम करणारे दादा! त्यांच्या आवाजापायी तर मी या वेडाला लागले. मी भडाभडा बोलत सुटले, ते नुसते बघत राहिले आणि आत निघून गेले. एवढा कसला तोरा, देव जाणे.

९ मार्च
इथे एक पद्धत आहे, साठवण. नव्या माणसानं एकेक शब्द सुटा वाचून ठेवायचा: आकडे, वार, ऊनपाऊस. उद्या घसा बसला तर यंत्र ते जोडून बातम्या देतं, केंद्र गप्प पडत नाही. बाकीचे म्हणे कंटाळतात. मी उलट आणखी कागद मागून घेतले. इतकी हावरी मुलगी आजवर पाहिली नाही, असं बाई म्हणाल्या. मी दिवसभर हवेत!

१५ मार्च
बाजारात गंमत झाली. केळी मागताना ‘सहा’ तोंडातून निघेचना. शेवटी बोटं दाखवली. ‘मंगळवार’ही येत नाहीये. फार वाचलं असेल, दुसरं काय. गुळण्या केल्या.

२१ मार्च
आज सुट्टी. उशिरा उठले तर शेजारच्या घरातून माझा आवाज. कालच्या आगीची बातमी देत होता. मी ती कधीच वाचलेली नाही. पण खरं सांगू? आधी मनात आलं ते हे, की काय सुरेख वाचतेय मी!

बाईंना विचारलं. साठवण पुरेशी झाली, की मग यंत्र त्याचं ते शिकतं, असं सांगून त्यांनी माझी पाठ थोपटली.

२४ मार्च
दादा आत फिती पुसत बसले होते आणि त्याच वेळी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम चालू होता, पत्रांना ताजी उत्तरं देत. मी विचारलं, हे कसं? त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा. मग माझं मनगट धरून मला दाराकडे ओढायला लागले. मी घाबरले, ओरडले. बाईंकडे तक्रार केली. दादांना उद्यापासून बंदी आहे.

बिचारे मला वाचवत होते का?

२७ मार्च
वाचलेला शब्द तोंडातून जातो, हे कळूनसवरून आज घोळ केला. घरच्यांसाठी कार्यक्रम करायचाय, म्हणून बाईंनी ‘आई’ वाचायला सांगितलं. नाही म्हणणार होते. पण आईला किती बरं वाटेल! आणि लाल दिवा लागला की मला राहवत नाही. रडून म्हटलं, लाडानं म्हटलं, चिडून म्हटलं. बाई म्हणत राहिल्या, अजून एकदा.

२८ मार्च
आईला फोन केला. हाक येईना — एकही शब्द येईना. तिनं खूपदा विचारलं, कोण मेलं छळतंय म्हणाली. मागून रेडिओतला माझा आवाज तिला म्हणाला, की आई, ठेव तो फोन.
तिनं ठेवला.

३० मार्च
राजीनामा लिहून दिला. बाई हसल्या. जा की, म्हणाल्या, तुझ्यावाचून इथे काय अडलंय?
गावची बस धरली. तिकीट पाटीवर बोट ठेवून मागितलं.

३१ मार्च
भर दुपार. घराची पायरी. दार वाजवतेय. आई विचारतेय कोण — माझ्या घशातून वारा. आत त्या दोघी बोलताहेत, आई आणि रेडिओतली मी. आई हसतेय. किती दिवसांनी.

खिडकीतून हात घातला. आईनं चाचपला. थांबली. माझी बोटं ओळखली तिनं, शपथेवर सांगते, ओळखली —
आतून आवाज आला, आई सोड, ती मी नाही.
किंचाळून तिनं खिडकी आपटली, कडी घातली. बोटं चेंगरलीत. अडकलीत. डाव्या हातानं लिहितेय

दुखतंय. कुणी येत नाही. पुन्हा माझा आवाज. लाडातला. बाईंनी पुन्हापुन्हा म्हणवून घेतला तोच — विचारतोय, चहाचं आधण उकळलं का
आई म्हणतेय, पातेलं उचललंय, पण मला दिसत नाही गं, कुठे ओतू
मी सांगते तसं चल, म्हणतोय. सरळ. थोडी डावीकडे. हं. आता खिडकीची कडी काढ, आई, आणि