गाडी म्हणते, विश्रांती घ्या

ता. ३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू व जावईबापूंनी दिलेली गाडी उत्तम आहे. ती माझ्याविषयी काय समजून बसली आहे, एवढेच उमगत नाही. गुरुवारी नेहमीप्रमाणे तुझ्या आत्याला पुस्तक वाचून दाखवण्यास निघालो. दहा मिनिटांत पडद्यावर वाफाळता कप उमटला व खाली अक्षरे आली: 'विश्रांती घ्या.' सूचना शुद्धलेखनात बिनचूक होती, म्हणून पाळली. गाडी कडेला लावून वीस मिनिटे बसलो. निघालो, तर पुन्हा कप. असे सात वेळा झाले. तासाभराच्या वाटेला साडेतीन तास लागले. आत्याने अंथरुणातूनच विचारले, पायी आलास का? झोप मला मुळीच आली नव्हती. बिघाड असावा, दुरुस्तीचे पाहावे.

लोभ आहेच, तो सांभाळावा.

तुझे बाबा

ता. ७ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

वर्कशॉपमध्ये फोन करून विचारलं. बिघाड नाही. स्टीअरिंगमागचा बारीक कॅमेरा पापण्यांवर लक्ष ठेवतो. डोळा मिटलेला राहिला की कप येतो, आणि माझ्या फोनवर निरोपही. गुरुवारी सात निरोप आले, गाडी रस्त्याकडेला उभी दिसत होती. झोप नव्हती, तर डोळा का मिटत होता? हे म्हणतात, आता बाबा कॅमेऱ्यावर कागद चिकटवतील. तसं करू नका. खरं काय ते लिहा, मी रागावणार नाही.

माया असू द्या.

तुमची धाकटी

ता. ११ जून

चि. धाकटीस अ. आ.

त्या बारीक भिंगाचा मला आधीच संशय आला होता, म्हणून कागद चिकटवला होता. तुझे पत्र वाचल्यावर काढला. दोन महिने डाव्या डोळ्याला समोरच्या एका गाडीच्या दोन दिसतात. तो मिटला की एकच उरते, म्हणून मिटून चालवत होतो. सांगितले असते, तर तू किल्ली काढून घेतली असतीस. मग आत्याला वाचून कोण दाखवणार? छापखान्यात चाळीस वर्षे इतरांच्या चुका शोधल्या. स्वतःची मात्र लपवली. डोळा मिटला, हे यंत्राला कळले. मी टक्क जागा आहे, हे कळले नाही. त्याला शहाणे म्हणावे की खुळे, याचा अद्याप उलगडा होत नाही.

काल बसने जाऊन डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया पुढील महिन्यात. किल्ली या पत्राच्या पाकिटात घातली आहे. येत्या गुरुवारी ती घेऊन ये. गाडी तू चालव, मी शेजारी बसेन. सूचना करणार नाही, असे वचन मात्र देत नाही.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझे बाबा